हिरव्या इरकलीची वाकळ

आष्टा, २ डिसेंबर

पूजा,

वर आशीर्वाद लिहिणार होते. मग वाटलं, तू म्हणशील, वर्षभर सून आठवली नाही आणि आता आत्तींना आशीर्वाद सुचतायत. म्हणून ते तसेच राहू देत. घ्यावेसे वाटले की घे.

तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही. शेजारच्या पद्मावतीच्या फोनवरून लावला तर लगेच लागतो, म्हणजे बिघाड कुठे आहे ते कळलं. अंगणवाडीत जन्म गेला माझा, अक्षर अजून बरं आहे, म्हणून हे पत्र. पोस्टमन म्हणाला, "आवं बाई, आजकाल पत्र कोण ल्हितंय?" म्हटलं, ज्यांचा फोन कुणी उचलत नाही ते.

पद्मावतीच्या भाचीचं लग्न कराडला झालं. तिथे तिला तुझी आई भेटली. परत आल्या आल्या पद्मावती माझ्या दारात. "मनुबाई, पूजाला सातवा लागलाय व्हय? लय बरं झालं बघा." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे की." आत आले आणि चुलीवरचं दूध डोळ्यांदेखत उतू जाऊ दिलं. मला ठाऊक नव्हतं, पूजा. धैर्यशील मेअखेरीस सुट्टीवर आला, सगळी सुट्टी कराडशेजारी मलकापुरात, तुझ्या माहेरी काढली, इथे आईकडे दोन दिवस टेकला. आता फोनवर विचारलं तर म्हणतो, "आई, तिला त्रास नको." त्रास म्हणजे मी. असू दे.

इकडे वाकळांचं काम सुरू झालंय. साखर कारखाने पेटले, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, फडाच्या कडेला त्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या. त्यातली लेकरं बारदानावर निजतात, म्हणून आपलं मंडळ दरसाल गावातली जुनी लुगडी गोळा करून वाकळा शिवून देतं, हे तुला सांगायला नको. चौघी चार बाजूंना बसायच्या, कडेकडून मधे शिवत यायच्या. यंदा आम्ही तिघीच. साळूबाईला दिसत नाही, पण हात थांबत नाही. पद्मावतीला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून ती पाचला सुई टोचून ठेवून उठते. चौथी बाजू मोकळी. नव्या मुली येतात, फोटो काढतात आणि जातात.

आता मुद्द्याचं. ती हिरवी वाकळ मी परत आणणार आहे.

माझ्या सासूबाईंच्या इरकली लुगड्याची ती वाकळ मी तुझ्या मागच्या बाळंतपणासाठी शिवली होती. म्हातारी नव्वदी ओलांडून, स्वतःचे दात तोंडात ठेवून गेली. अशा माणसाचं कापड तान्ह्याच्या अंगाला लागलं की त्याचं वय लागतं, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. पहिल्यासारखं ते बाळही राहिलं नाही. मग गेल्या जानेवारीत मी बाजारला गेलेली असताना तू ट्रंक उघडलीस आणि ती टोळीतल्या कुणा बाईला देऊन टाकलीस. मला विचारलं नाहीस. त्यावरून आपण दोघी काय काय बोललो ते दोघींनाही पाठ आहे, पुन्हा लिहून शाई वाया घालवत नाही. दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ मानसिंग तुला न्यायला जीप घेऊन आला.

झालं ते झालं. पण आता तिसऱ्या खेपेला मी हातावर हात ठेवून बसणार नाही. टोळ्या परत आल्यात. ती बाई कुठेतरी असेलच.

जिन्यावरून चढउतर करू नकोस.

मनुबाई (तुझी सासू, अजून तरी)


आष्टा, ९ डिसेंबर

पूजा,

तुझा निरोप पद्मावतीने सांगितला. "आत्तींना म्हणावं, दिल्यालं परत आणू नका." म्हणजे पत्र वाचलंस. एवढं पुरे. बाकीचं मी ऐकलं नाही असं समज.

या आठवड्यात आष्ट्याच्या चारी दिशांच्या कोप्या पालथ्या घातल्या. पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरतेय. वाटपाला आले असं दाखवायचं, वाकळा द्यायच्या आणि बोलता बोलता कोप्यांत डोकवायचं. दोऱ्यांवर वाळत घातलेलं सगळं बघून झालं. हिरवं दिसलं की पाय तिकडेच वळतात, जवळ जावं तर कुणाचा तरी परकर. एका बाईने विचारलंच, "आजी, काय हरवलंय का तुमचं?" मी म्हटलं, "छे, कुठं काय." चोर मीच असल्यासारखं झालं.

साळूबाईला माझा डाव कळलाय. दिसत नसलं तरी कान शाबूत आहेत. शिवता शिवता म्हणाली, "मनू, दान दिल्यालं मागाय जाशील तर गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाई. मंडळाची सगळ्यात म्होरली तू. उद्या कोण लुगडं दील आपल्याला?" मी म्हटलं, मी कुठे फुकट मागतेय? त्या बदल्यात दोन नव्या वाकळा देईन. ती म्हणाली, "मग तर लयच झकास." तिचं 'झकास' तुला माहीत आहे.

पण रात्री डोळा लागत नाही, पूजा. मला भीती वाटते. हे मी धैर्यशीलला सांगू शकत नाही, तो तिकडे सीमेवर. पद्मावतीला सांगितलं तर ती णमोकार म्हणायला लावते. तुला सांगते, कारण तुलाही वाटत असणार. दोनदा मी पाळणा माळ्यावरून काढून धुतला-पुसला आणि दोनदा परत माळ्यावर ठेवला. तिसऱ्यांदा त्याला हात लावायचं माझं धाडस नाही. निदान कापड तरी नीट असावं. माझ्या हातात तेवढंच आहे.

काल एका मुकादमाने सांगितलं, गेल्या साली आपल्या मळ्याशेजारी उतरलेली टोळी यंदा कराडकडे गेली. तुला माहीत असेल तर कळव. न कळवलंस तरी शोधीन.

मनुबाई


आष्टा, १६ डिसेंबर

पूजा,

टोळी सापडली. मलकापूरच्या अलीकडे, हायवेपासून आत. तुझ्या घरापासून रिक्षाने किती, दहा मिनिटं? मी आले आणि परत गेले. रागावू नकोस. रागावलीस तर एका परीने बरंच वाटेल.

सकाळच्या गाडीने निघाले. पिशवीत दोन नव्या वाकळा, एक मऊ, एक जाड. वाटेत काय बोलायचं ते घोकत होते, इन्स्पेक्शनच्या दिवशी घोकायची तसं.

गयाबाई तिचं नाव. बीडकडची. तू दिलंस तेव्हा नाव विचारलं होतंस का? कोयता घेऊन फडात गेलेली होती, ती दुपारी पोरीला पाजायला आली. पोरगी कोपीच्या दारात झोळीत निजलेली आणि अंगाखाली, अंगावर आपली इरकल. धुऊन धुऊन हिरवा रंग फिका झालाय. माझ्या टाक्यांतला मात्र एकही उसवला नव्हता. मी ते आधी बघितले, मग पोरीकडे बघितलं. असंच झालं, म्हणून असंच लिहिते.

मी म्हटलं, "बाई, ही वाकळ आमच्या घरातली आहे. चुकून आली. ही घे, दोन नव्या देते."

ती म्हणाली, "चुकून न्हाई आली. म्या मागितली."

मग तिने जे सांगितलं ते तू मला गेल्या जानेवारीत का सांगितलं नाहीस? तिचीही दोन गेली होती. एक वाटेत ट्रकमध्ये, एक कोपीत. तिसऱ्या खेपेला टोळीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, बाळाचं पहिलं कापड दारोदार पदर पसरून मागून आण, म्हणजे नजर लागत नाही, लेकरू टिकतं. ती आपल्या दारात आली. तूही तेव्हा बाळ गमावून घरात बसलेली. तिला माहीत नव्हतं तुझं काय झालंय. "तुमची सून लई येळ पसरल्याल्या पदराकडं बघत बसली," गयाबाई म्हणाली. "मग आत गेली आन् ही आनून पदरात घातली. म्हनली, ही ने, हिच्यात कोन निजलं न्हाई अजून."

मी हे ऐकून गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. म्हटलं, "तुझी पोर आता वर्षाची होईल, टिकली, बाळसं धरलं. माझ्या सुनेला परत दिवस गेलेत. तिलाही दोनदा असंच झालंय. आता तिला दे."

ती घाबरली. "मागून आनल्यालं परत देत नसत्यात, बाई. लेकराला बाधतं."

तेवढ्यात मुकादम आला. त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. "दे की गं. दरसाल देत्यात आपल्याला. त्यांचंच हाय ते." गयाबाईला बोलायची सोय राहिली नाही. तिने झोळीत हात घातला आणि पोरीच्या अंगाखालून वाकळ ओढायला लागली. पोरगी जागी झाली. रडली नाही. माझ्याकडे टकामका बघत राहिली, आणि मुठीत वाकळेचं टोक घट्ट.

खरं सांगू? मी हात पुढे केला होता. टोक धरलंही होतं. एक लेकरू इकडे, एक लेकरू तिकडे, आणि मला माझंच दिसत होतं. मग गयाबाईचं तोंड दिसलं. खाली मान घालून ती पोरीच्या मुठीतून एकेक बोट सोडवत होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. कुठल्या देवाला काय कबूल करत होती कोण जाणे.

मी म्हटलं, "राहू दे. राहू दे गं. पांघरूण घाल तिला."

दोन्ही नव्या वाकळा तिथेच ठेवून उठले. निघताना ती मागून म्हणाली, "आजी, तुमी पन मागा की सुनंसाठी. तुमी मागा, म्या देती कायतरी." मी रिकामी पिशवी घडी करून चालायला लागले. आजवर देत आले, मागायचं कसं ते ठाऊक नाही.

स्टँडवर तुमच्या बाजूची रिक्षा समोर उभी होती. रिक्षावाला म्हणाला, "चला काकू, कुठं सोडू?" मी म्हटलं, आष्ट्याची गाडी कुठे लागते?

आता माझ्या हातात काहीच नाही, पूजा. फार चुटपूट लागून राहिलीय.

मनुबाई


आष्टा, २९ डिसेंबर

पूजा,

मी मागायला निघाले.

पहिलं दार पद्मावतीचं. रोज जिथून भाजी-आमटीची वाटी इकडून तिकडे जाते तिथे पदर पसरून उभी राहिले, तर तिला वाटलं मला चक्कर आली. "बसा, बसा, मनुबाई!" म्हणून पाणी आणलं. म्हटलं, पाणी नको, कापड दे, पूजाच्या बाळासाठी मागतेय. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घरधन्याचं, पायगोंडा अण्णांचं धोतर दिलं. अण्णा सोप्यातून ओरडले, "आरं, पर ते मी नेसतोय न्हवं!" ती म्हणाली, "आता न्हाई नेसायचं."

साळूबाईने मला दारात उभं ठेवून आधी चहा संपवला. मुद्दाम. मग म्हणाली, "म्हण. काय पायजे ते तोंडानं म्हण." मी म्हटलं, "माझ्या नातवंडासाठी तुझं जुनं लुगडं दे." "आजून येकदा म्हण." म्हटलं. जन्मात एवढी कुणापुढे वाकले नव्हते. तिने अंगावरच्याच लुगड्याचा काठ टर्रकन फाडला आणि माझ्या पदरात टाकला. "घे. लय दिवस वाट बघत हुते तुला काय द्यायची."

मागताना निवडायचं नसतं, पदरात पडेल ते पडेल. खालच्या आळीच्या ज्योतिबाच्या आईने नातवाची शाळेची चड्डी दिली. तीही घेतली.

मग काल परत गयाबाईकडे गेले. यावेळी पिशवी रिकामी नेली. कोप्यांतल्या बायका जमल्या, दरसाल देणारी बाई पदर पसरून उभी, हसू दाबत होत्या. गयाबाई हसली नाही. पोरीचं लहान झालेलं झबलं तिने घडी करून दिलं. मग म्हणाली, "सुनंला म्हना, मव्ही पोर चालाय लागली."

तुला सांगितलं.

आता शिवायला बसलेय. चौथी बाजू मीच धरते, इकडून चार टाके घालून उठते, तिकडे जाऊन बसते. तुझे दिवस भरायला अजून अवकाश आहे, संक्रांतीनंतर सावकाश पुरी होईल. पण माझं मन थाऱ्यावर नाही. सुई बोटात जाते. तुला अंगावर सूज आहे असं धैर्यशीलच्या तोंडून निसटलं. डॉक्टर काय म्हणतात? एक ओळ तरी लिही. शिव्या लिही, पण लिही.

मनुबाई


सांगली, ६ जानेवारी

पूजा,

तुला उठता येत नाही, बोलायला डॉक्टरांनी मनाई केलीय, म्हणून हे मानसिंगच्या हाती देतेय. तो कराडहून बर्फाच्या डब्यातून तुझं दूध घेऊन येतो आणि जाताना माझं पत्र नेतो. बिचाऱ्याचा पोस्टमन झाला.

परवा पहाटे त्याचा फोन आला. "काकी, ताईचा बीपी लय वाढलाय, ऑपरेशन केलं, मुलगी झालीया. पर लय बारीक हाय. कराडात बाळाची काचेची पेटी मोकळी न्हाई, सांगलीला न्यायला लागलीय. आमाला पोचाय येळ लागंल, तुमी म्होरं व्हा." पायात चप्पल कुठली घातली ते मला सांगलीत कळलं. एक माझी, एक पद्मावतीची.

अँब्युलन्स यायच्या आधी मी दारात होते. मी बघितली तिला, पूजा. कशी आहे ते सगळेजण तुला 'छान आहे, छान आहे' म्हणून सांगत असतील. मी खरं सांगते. हाताएवढी आहे. नाकाला नळी आहे. कातडीखालच्या शिरा दिसतात. पण पाय झाडते. सिस्टर पायाला सुई लावते तेव्हा असा काही पाय झाडते की मला तुझीच आठवण झाली.

वाकळ अर्धी झालेली होती ती तशीच सुईसकट आणली. घासून धुतली होती, उन्हात वाळवली होती. सिस्टरने बघितली आणि म्हणाली, "आजी, बाहेरचं कापड आत चालत नाही. इन्फेक्शन होतं." मी म्हटलं, अहो, मागून आणलंय. ती म्हणाली, "कुठूनही आणा." तिचं बरोबर आहे. तरीही तिच्याशी भांडले. मग माफी मागितली. मागायची आता सवय झालीय.

काचेतून बघते. दिवसभर व्हरांड्यात येरझाऱ्या घालते. वॉचमन म्हणतो, "मावशी, बसा की जरा." बसवत नाही. हाताला काही काम नाही. बसून काय करू?

तू बरी हो. तुझा ताप उतरू दे. बाकी मी बघते, असं लिहिणार होते, पण मी काय बघणार? काच बघते.

मनुबाई


सांगली, १० जानेवारी

पूजा,

नळी काल निघाली, ते मानसिंगने सांगितलंच असेल. आज काय झालं ते तो सांगू शकणार नाही, त्याला बाहेर काढलं होतं.

सकाळी सिस्टर बाहेर आली. म्हणाली, बाळ आता स्वतः श्वास घेतंय, पण अंग गार पडतंय. पेटीपेक्षा माणसाच्या छातीची ऊब चांगली. आईला उठायला अजून आठवडा आहे, तोवर घरातली एखादी बाई हवी, रोज तासन्‌तास बसणारी. कोण बसेल?

मानसिंगसमोर मी काय बोलणार? तुझी आई इकडे यायला निघायच्या तयारीत होती, हेही मला माहीत होतं. त्याने तुला फोन लावला. मी जरा लांब जाऊन उभी राहिले, पण कान तिकडेच. त्याने फोन स्पीकरवर ठेवला होता, खुळं पोर. तुझा आवाज मी वर्षाने ऐकला. किती बारीक झालाय गं. तू म्हणालीस, "आईला नको. आत्ती हायत न्हवं तिथं? आत्तींना बसवा."

का म्हणालीस ते मी विचारणार नाही. तूही सांगू नकोस.

त्यांनी मला साबणाने धुवायला लावलं, नखं तपासली. पडद्याआड खुर्चीत बसवलं आणि सिस्टर म्हणाली, चोळी काढा. नातीच्या वयाची मुलगी ती. मी लाजले. पदर तरी राहू दे म्हटलं, आतून मऊ आहे, जुना आहे. ती म्हणाली, "नाही आजी. मधे कापड नको. तुमची कातडी आणि तिची कातडी."

जन्मभर लेकरांना कापडात गुंडाळलं मी. आपल्या दोघींत सगळं भांडण कापडावरून. आणि तिला काही नकोच होतं.

छातीवर ठेवली. पहिल्यांदा काहीच वजन लागेना, मला वाटलं पडली की काय. मग तिने डोकं एका बाजूला वळवलं आणि तिचा गाल माझ्या हाडाला टेकला. गार होती. हळूहळू ऊब धरली. सिस्टरने सांगितलं होतं, हलायचं नाही, तुमच्या श्वासाबरोबर ती श्वास घेते. मी, जिला एका जागी घटकाभर बसवत नाही, ती दगडासारखी बसून राहिले. तिने श्वास घेतला की मी घेत होते, की मी घेतला की ती, तेही कळेना. डोळे वाहायला लागले. हात तिच्या पाठीवर, पुसणार कशाने? वाहू दिले.

मानसिंग गाडीला किक मारून उभा आहे, घाई करतोय. दुपारी परत बसायचंय मला. आज तिने कालच्यापेक्षा जास्त पिऊन आणखी मागितलं.

दूध पाठव.

आत्ती